पंचेचाळीस म्हणजे शंभरातले पंचेचाळीस नव्हेत

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी ऐरोलीला राहते. आमचे हे ५७ वर्षांचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करायचे, अल्ट्रासोनिकच्या मशीनवर. फेब्रुवारीत त्यांना अटॅक आला. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. त्यात ‘एलव्हीईएफ ४५ टक्के’ असं आहे आणि पुढच्या भिंतीपुढे ‘हायपोकायनेटिक’ असा शब्द आहे. तेव्हापासून हे एकच म्हणतात, ‘माझं निम्म्याहून जास्त हृदय मेलंय.’ आता सात महिने झाले. नोकरी सोडली. छातीत दुखत नाही, पाय सुजत नाहीत, तरी खुर्चीतून उठत नाहीत. मीही त्यांना पाण्याची बादली उचलू देत नाही. मुलगी नौपाड्यात राहते, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जूनमध्ये तिला मुलगी झाली. आजोबा अजून एकदाही नातीला बघायला तिच्या घरी गेलेले नाहीत.

दुसरं असं, की यांची दाढ काढायची आहे. चुलत दीर म्हणतात, ‘अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलने रक्त पाण्यासारखं पातळ झालंय, आठ दिवस आधी दोन्ही बंद करा.’ दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, हे खरंच आहे. रात्री मी यांच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजते. कधी ५२, कधी ५०. मेटोप्रोलॉल चालू आहे. मला झोप येत नाही. काय करू?

– एक वाचक, ऐरोली

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘तिसऱ्या दिवशी’ या शब्दांपाशी थांबले. त्याकडे येतेच. आधी तो आकडा बघू, कारण सात महिने तो तुमच्या घरात ठाण मांडून बसलाय आणि त्याचा अर्थ तुम्हाला कुणी नीट सांगितलेला दिसत नाही. हॉस्पिटलातून घरी सोडताना फाइल हातात देतात. तिच्यातल्या एका ओळीसाठी पाच मिनिटं बसून बोलणं राहून जातं, आणि त्याची किंमत तुमच्यासारखी माणसं मोजतात. मला याचं फार वाईट वाटतं.

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करणारे, खालचे दोन ढकलणारे. उजवा खालचा कप्पा रक्त शेजारच्या फुफ्फुसांत पाठवतो. तेवढ्याला फारसा जोर लागत नाही, म्हणून त्याची भिंत तीन-चार मिलिमीटरच जाड असते. डावा खालचा कप्पा, शाळेच्या पुस्तकातलं डावं निलय, तेच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतो. त्याची भिंत जवळपास एक सेंटिमीटर. तुमच्या रिपोर्टातला आकडा या डाव्या कप्प्याचा आहे.

हा कप्पा पूर्ण भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. तो आवळला की त्यातलं ७० मिलिलिटर महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या वाहिनीत जातं. टपरीवरचा एक कटिंग चहा असतो ना, जवळपास तेवढं. उरलेलं ५० आतच राहतं. १२० मधले ७० गेले, म्हणजे ५८ टक्के. हा धडधाकट माणसाचा हिशोब आहे. ५५ ते ७० च्या दरम्यानचा आकडा डॉक्टर ‘नॉर्मल’ म्हणून लिहितात. शंभर टक्के कुणाचंच नसतं, ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्याचंही नाही. कप्पा एका ठोक्यात पूर्ण रिकामा होतच नाही. मागे राहिलेलं रक्त ही शिल्लक असते. जिना चढायची वेळ आली की स्नायू जास्त जोराने आवळतो आणि त्या शिलकीतलं आणखी थोडं बाहेर काढतो.

म्हणजे तुमच्या यजमानांनी ४५ ची तुलना १०० शी केली, तिथेच चूक झाली. ती साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची. आणि हा आकडा जिवंत किती, मेलेलं किती हे सांगतच नाही. भरलेल्या रक्तातलं किती बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो. समजा त्यांचा कप्पा थोडा मोठा होऊन १३० मिलिलिटर भरतोय. त्याचे ४५ टक्के म्हणजे ५८ मिलिलिटर. मिनिटाला ७० ठोके धरले तर चार लिटर रक्त शरीरात जातं. निरोगी माणसाचं बसल्या जागी पाच लिटर जातं. फरक आहे, पण ‘निम्म्याहून जास्त मेलंय’ असं म्हणण्याइतका नाही.

खोटा दिलासा मात्र मी देणार नाही. ४१ ते ४९ हा पट्टा ‘थोडं कमी’ यात मोडतो आणि ४० किंवा त्याखाली गेलं तर ‘कमी’. औषधं नीट चालू ठेवली पाहिजेत, तपासण्या चुकवता कामा नयेत. पण अशी माणसं नोकरी करतात, बाजारात जातात, लग्नाच्या वरातीत चालतात.

आता तो तिसरा दिवस.

हृदय दिवसभर रक्त ढकलत असलं तरी त्याचा स्वतःचा स्नायू आतल्या रक्तावर जगत नाही. त्याला वेगळ्या वाहिन्या आहेत. महारोहिणीच्या अगदी मुळाशी दोन रोहिण्या फुटतात आणि हृदयाला बाहेरून वेढतात. डावीकडच्या रोहिणीची एक मोठी फांदी पुढच्या भिंतीवरून खाली उतरते. रिपोर्टात पुढची भिंत लिहिली आहे, म्हणजे बहुधा तीच फांदी बंद पडली होती. रक्त थांबलं की त्या भागातला काही स्नायू काही तासांत मरतो. तो पुन्हा येत नाही, त्या जागी वण राहतो. पण त्याच्या भोवतीचा काही स्नायू जिवंत राहूनही काम थांबवतो. पाय दबून मुंग्या आल्यावर उठून उभं राहिलं तरी पाऊल टेकत नाही, तसा बधिर झालेला असतो. त्याच रात्री वाहिनी उघडली, हे फार चांगलं झालं. रक्त परत आल्यावर हा बधिर स्नायू हळूहळू जागा होतो, त्याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे.

म्हणून तिसऱ्या दिवशीच्या एकोत मेलेला आणि बधिर झालेला असे दोन्ही स्नायू एकत्रच ‘काम करत नाही’ या खात्यात धरले जातात. त्यातला किती परत उभा राहिला हे कळायला सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी पुन्हा एको करावा लागतो. तुमच्या पत्रात दुसऱ्या एकोचा उल्लेख नाही. तो झालेलाच नसेल, तर सात महिने तुम्ही दोघं एका जुन्या मापाला घाबरून बसला आहात. नवा आकडा ४५ च येऊ शकतो, ५२ येऊ शकतो, कमीही येऊ शकतो. न बघता मी सांगू शकत नाही. ‘हायपोकायनेटिक’ या शब्दाचा अर्थ मात्र सांगते. कमी हलणारी. जी भिंत अजिबात हलत नाही तिच्यासाठी वेगळा शब्द लिहितात, ‘अकायनेटिक’. तुमच्या यजमानांची भिंत तिसऱ्या दिवशीसुद्धा हलत होती.

हे त्यांना पटवायचं कसं, असं तुम्ही विचाराल. त्यांच्याच कामाच्या भाषेत सांगा. जॉइंटवर कपलंट लावायचं, प्रोब टेकवायचा, आत गेलेली ध्वनिलहर कुठून परत येते ते पडद्यावर बघायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. एकोमध्ये छातीवर लावतात ते थंड जेल म्हणजे तेच कपलंट, आणि तंत्रही तेच. ही नुसती उपमा नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर या डॉक्टरांनी आणि हेलमुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी पहिल्यांदा हृदयाचा एको नोंदवला. त्याआधी हर्ट्झ मालमोच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात गेले होते. धातूतले दोष शोधायचं तिथलं यंत्र त्यांनी स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं. तुमचे यजमान ज्या घराण्याच्या यंत्रावर काम करत होते, त्याच घराण्यातल्या यंत्राने त्यांचं हृदय तपासलं गेलं.

मग त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, एकाच जॉइंटवर दोन इन्स्पेक्टर बसवले तर दोघांचं माप तंतोतंत सारखं येतं का? एकोत कप्पा सगळ्यात भरलेला असताना आणि सगळ्यात आवळलेला असताना त्याची आतली कड पडद्यावर आखतात. बरगड्या आणि फुफ्फुसं मध्ये येतात, कड धूसर दिसते. दोन कसलेल्या हातांत पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. जॉइंटची दुरुस्ती झाल्यावर तो पुन्हा न तपासता त्यांनी कधी शेरा मारला होता का? स्टेंट ही दुरुस्ती होती. दुरुस्तीनंतरची तपासणी अजून बाकी आहे. मला वाटतं, हे त्यांना माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा लवकर पटेल.

गोळ्यांचं आता. चुलत दिरांचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून स्पष्ट लिहिते. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यातली एकही गोळी एकही दिवस बंद करू नका.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नावच फसवं आहे. आम्ही डॉक्टरही तेच वापरतो, हा आमचा दोष. त्यांच्या फाइलमध्ये रक्ताच्या साध्या तपासणीचा कागद असेल. त्यात ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ अशी ओळ शोधा. रक्तात तांबड्या पेशींनी किती जागा व्यापली आहे, त्याचं ते माप. पुरुषांत ते साधारण ४० ते ५० टक्के असतं, बाकी बहुतेक भाग पिवळसर पाण्यासारखा प्लाझ्मा. तिथे ४५ लिहिलेलं असलं तर कुणी म्हणत नाही की निम्म्याहून जास्त रक्त संपलं. रक्ताचा दाटपणा मुख्यतः या तांबड्या पेशींवर ठरतो, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल त्यांना हातही लावत नाहीत. रक्त होतं तेवढंच दाट राहतं.

या गोळ्या काम करतात प्लेटलेटवर. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द नवी मुंबईत घरोघरी माहीत आहे. एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात, त्यांना केंद्रक नसतं, आणि सात ते दहा दिवसांत त्यांचं आयुष्य संपतं. वाहिनीला जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. या गोळ्यांनी त्यांचा चिकटपणा कमी होतो. म्हणून दाढी करताना कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. म्हणजे गोळी आपलं काम करते आहे.

आता स्टेंटकडे बघा. ती धातूची जाळी आहे. रक्ताला तिथे परका धातू दिसतो आणि प्लेटलेट त्यावर गोळा व्हायला बघतात. वाहिनीचं मऊ अस्तर त्या जाळीवर हळूहळू चढतं, त्याला महिने लागतात. अटॅकनंतर दोन्ही गोळ्या साधारण एक वर्ष देण्यामागे हे एक मोठं कारण आहे. अ‍ॅस्पिरिनने निकामी झालेली प्लेटलेट पुन्हा सुधारत नाही, नवी जन्माला यावी लागते. म्हणून गोळी बंद केल्यावर असर जायला आठवडाभर लागतो, आणि ‘आठ दिवस आधी बंद करा’ ही जुनी पद्धत त्यातूनच आली. पण दाढेसाठी ज्या चिकट प्लेटलेट परत आणायच्या, त्या स्टेंटपाशीही पोचतात. दाढेतलं रक्त कापसाच्या बोळ्याने, टाक्याने थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा अटॅक.

एखादी दाढ काढायला या गोळ्या बहुतेक वेळा थांबवाव्या लागत नाहीत. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं आधीच सांगा, सकाळची वेळ घ्या, आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. दाढ दुखते म्हणून मेडिकलच्या दुकानातून आयबुप्रोफेन असलेली गोळी आणून देऊ नका. ती अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते आणि पोटात रक्तस्राव व्हायचा धोकाही वाढवते. पॅरासिटामॉल चालेल का, हे विचारून घ्या, बहुधा हो म्हणतील. शौचाला काळं डांबरासारखं झालं, लघवीत रक्त दिसलं किंवा डोक्याला मार लागला, तर मात्र लगेच दाखवा.

रात्रीचे ५० ठोके. ताई, तुम्ही अंधारात मोजत बसता हे वाचून मला फार कसंसं झालं. झोपेत सगळ्यांचेच ठोके कमी होतात, आणि मेटोप्रोलॉल दिलेलंच असतं ते कमी करायला. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. आवळताना तो आपल्याच वाहिन्या दाबतो. डाव्या कप्प्यात हे जास्तच. ठोके सावकाश पडले की ही विश्रांती लांबते आणि स्नायूला जास्त रक्त मिळतं. हृदयाला याची गरजही मोठी. एरवी शरीर रक्तातला साधारण पाव प्राणवायू काढून घेतं आणि बाकीचा परत पाठवतं, पण हृदय बसल्या जागीसुद्धा सत्तर टक्क्यांच्या पुढे काढून घेतं. त्याला जास्त प्राणवायू हवा असेल तर जास्त रक्तच हवं, दुसरा मार्ग नाही. तुमच्या हाताखाली जो सावकाश ठोका लागतो, ते मुद्दाम दिलेलं विश्रांतीचं औषध आहे. जागेपणी चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा थांबू नका.

आणि खुर्ची. रक्त पायातून वर चढतं ते पोटऱ्यांच्या जोरावर. चालताना पोटरी आवळते, नीलांमधल्या झडपा रक्त खाली घसरू देत नाहीत, आणि ते हृदयाकडे ढकललं जातं. हृदय जितकं भरतं तितक्या जास्त जोराने आवळतं, हा त्याच्या स्नायूचा गुणच आहे. सात महिने बसलेल्या माणसाच्या पायातली ताकद जाते. मग चार पायऱ्यांत धाप लागते, आणि तो म्हणतो, बघा, हृदय गेलं. दोष मांड्यांचा आणि पोटऱ्यांचा, आळ हृदयावर. त्यांना बादली न उचलू देणं हे प्रेमच आहे, ताई, पण आता ते थोडं मागे घ्या.

या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. फेब्रुवारीची सगळी फाइल न्या. नवा एको हवा का आणि किती श्रम चालतील हे बघायला ट्रेडमिलची तपासणी करायची का, हे विचारा. सपाटीवर चालायला आत्ताच सुरुवात करू का, हेही फोनवरच विचारून टाका. छातीत दुखणं किंवा दम नसेल तर सहसा हो म्हणतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. ऐरोलीत खाडीच्या बाजूला सकाळी हवा छान असते. फ्लेमिंगो अजून आले नसतील, पण थंडीत येतील तोवर हे अर्धा तास चालत असावेत अशी माझी फार इच्छा आहे. चालताना तुमच्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. जेवल्या जेवल्या निघू नका. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला आणि थांबल्यावरही पाच मिनिटांत गेलं नाही, तर १०८ ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

राहिला नौपाड्यातला तिसरा मजला. डॉक्टरांनी जिन्याला होकार दिला की घाईची वेळ टाळून जा. प्रत्येक मजल्यावर उभं राहून श्वास घेऊ द्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे मुलीला आधीच एक खुर्ची मागून ठेवायला सांगा. ठाण्याच्या जुन्या इमारतींत खुर्चीला कुणी नाही म्हणत नाही. वर पोचल्यावर पाच मिनिटं बसू द्या, पाणी द्या, आणि मग नातीला त्यांच्या मांडीवर ठेवा. तिचं हृदय तिच्याच मुठीएवढं असेल. जन्माआधी तिच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट उघडी होती, कारण पोटात असताना फुफ्फुसांचं काम नसतं. बाहेर येऊन पहिले श्वास घेतले आणि त्या वाटेवरचं दार लोटलं गेलं. तिच्या छातीवर हात ठेवला तर ठोके मिनिटाला १३० च्या आसपास लागतील. यजमान मोजायला लागले तर एवढं आधीच सांगून ठेवा, की तीन महिन्यांच्या बाळाचे तेवढेच असतात.